कबरीच्या गळ्याखालची गाठ

उन्हाळा चढला तसं तारनाक्याच्या मागच्या आमच्या वस्तीत नळाला दिवसाआड पाणी यायला लागलं, आणि नेमकं तेव्हाच आत्याबाईंनी शेवयांचं काढलं.

"पाण्याची ही तऱ्हा आणि शेवया?" मी म्हटलं.

"शेवयाला पाणी कितीक लागतंय? ऊन लागतंय. ते तुमच्या हैद्राबादात फुकट हाय."

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, पद्मावती. भालकीकडच्या. सासरे गेल्यावर पहिल्यांदाच आमच्याकडे राहायला आल्या होत्या. गौलीगुड्याच्या बसस्टँडवर आम्ही त्यांना घ्यायला गेलो तेव्हा त्यांच्या एका हातात बोचकं होतं, दुसऱ्या हातात वेताची दुरडी. दुरडीवर लुगड्याचा तुकडा ताणून बांधलेला. त्याच्या फटीतून एक गोल डोळा आमच्याकडे बघत होता.

"आई, कोंबडी?" अविनाशचा चेहरा पडला. "बसमधून?"

"मग काय इमानातून आणू?" आत्याबाई म्हणाल्या. "कबरी हाय ही. घरात मागं कोण व्हतं तिला बघायला?"

आमचं घर भाड्याचं, कौलारू. मागं बेताचं अंगण, सीताफळाचं एक झाड आणि न्हाणीची भिंत. अविनाश रेल्वेच्या कारखान्यात. मी बी.एस्सी. करून घरी. जूनपासून मात्र औषधांच्या एका नव्या कंपनीत मला काम मिळालं होतं, तपासणीच्या लॅबमध्ये. तेव्हा अशा कंपन्या शहराच्या कडेला भराभर उघडत होत्या आणि डिग्रीवाल्या मुली घेत होत्या. अडचण एकच, रेणू. साडेतीन वर्षांची, काडीसारखी, आणि घास तोंडात धरून बसणारी. तिला ठेवून जायचं कुणाकडे?

मी आत्याबाईंना सरळच विचारलं होतं. त्या हसल्या. "बघू की. कबरी हितं रुळली तर मी बी रुळंन. न्हाई तर पावसाच्या आत मला गाडीत बसवून द्या."

त्या हसून म्हणाल्या, पण मी ते धरून बसले. कबरीनं पहिल्याच आठवड्यात न्हाणीमागच्या जुन्या टायरात अंडं घातलं, तेव्हा मी ते ओंजळीत घेऊन अविनाशला दाखवायला धावले होते. "रुळली हो!" तो वर्तमानपत्रातून वर न बघता म्हणाला, "कोण? आई की कोंबडी?"

शेवयांचे ते दिवस नुसते राबण्याचे. पहाटे कणीक तिंबायची, ओल्या फडक्याखाली मुरू द्यायची. मग आत्याबाई भिंतीला पाट तिरका लावून बसायच्या. डाव्या हातात गोळा, उजवा तळवा पाटावर पुढं-मागं, आणि गोळ्यातून सुतासारखी शेवई उतरत जायची. त्यांना डोळ्यांनी कमी दिसायचं, मोतीबिंदू पिकत आला होता. पण तळव्याला सगळं कळायचं. शेवई जाड आली की त्या बघायच्या आधीच म्हणायच्या, "गोळा कोरडा पडला, पाण्याचा हात लाव." मी लांब लांब सर उचलून अंगणातल्या खाटेवर पसरायची. खाट नवी होती, हिरव्या नायलॉनच्या पट्ट्यांची. ढेकूण होत नाहीत म्हणून अविनाशनं हौसेनं आणलेली. आत्याबाईंना ती आवडली नव्हती. "पाठीला काचती," म्हणाल्या. एका कोपऱ्यात तिच्या पट्ट्यांचे धागे आत्ताच सुटायला लागले होते.

खाटेशी राखणीला रेणू. हातात काठी. मी मधून मधून वाटीत भात घेऊन जायची आणि तिच्या तोंडात कोंबायची. "हा घास चिऊचा. गिळ. हा घास काऊचा. गिळ गं, बाई. वजन बघ तुझं."

"नको."

"नको काय? आ कर. हा कबरीचा."

एका दुपारी आत्याबाईंनी कबरीला उचललं आणि कौतुकानं माझ्यापुढं धरलं. गळ्याखाली छातीपाशी चांगला लिंबाएवढा फुगवटा आला होता. "बघ, कशी टच्च भरलीया. हैद्राबादचं पाणी मानवलं हिला."

मी हात लावला. कोंबडी दाणा टिपते तो आधी गळ्याखालच्या पिशवीत साठतो, मग हळूहळू पोटात उतरतो, एवढं मला पुस्तकातून ठाऊक होतं. पिशवी भरलेली होती, म्हणजे खाल्लेलं होतं. मलाही बरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी कबरी टायरातून उठली नाही. मान आत ओढून, पिसं फुलवून, डोळे अर्धे मिटून बसली. तुरा फिका पडला होता. आत्याबाईंनी ज्वारीच्या पिठात लसूण-हळद कालवून बोटाएवढ्या गोळ्या केल्या आणि चोच उघडून एकेक आत ढकलली.

"खाल्ल्याबिगर ताकद कशी यावी? बाळंतिणीला बी आधी खाऊच घालत्यात."

मी पाणी पाजलं. संध्याकाळी पुन्हा गोळ्या. फुगवट्याचं आता लिंबाचं मोसंबं झालं होतं आणि कबरी मान सारखी वाकडी करत होती, जणू घशातलं काही झटकायचंय. मी तिच्या चोचीशी नाक नेलं. कल्लूच्या, म्हणजे ताडीच्या, दुकानावरून जाताना आंबूस भपकारा येतो, तसा वास.

"आत्याबाई, खाल्लेलं खाली उतरतच नाहीये. आत आंबतंय."

त्यांनी वास घेतला. हातातली गोळी त्यांनी मुकाट्यानं पिठात परत मोडली.

भिंतीपलीकडून शमीमआपानं डोकं वर काढलं. आमची शेजारीण, तिच्याही अंगणात कधीकाळी कोंबड्या होत्या, आता ती नाक्यावरच्या दुकानातून ब्रॉयलर आणायची. "क्या हुआ अम्मा, मुर्गी को? सुस्त दिखरी."

"खाना अटक्या," आत्याबाई म्हणाल्या.

"अरे तो मरने के पहले काट डालो ना. मरे बाद किस काम की? हमारे मामू को बुलातूं, दो मिनट का काम."

"नक्को," आत्याबाईंनी हात हलवला. "काटने को नै लायी मैं."

"हौ, पन मर गई तो रोते बैठेंगे आप."

"बैठूंगी. मेरी मुर्गी, मेरा रोना."

शमीमआपा हसली, पण काळजीनं बघत राहिली. म्हणाली, तिच्या माहेरी असं झालं की कोंबडीला उलटं धरून सगळं ओकवायचे. आत्याबाईंनी तेही ऐकलेलं होतं. त्यांनी कबरीचे पाय धरून तिला खाली डोकं करून धरलं आणि फुगवट्यावर अंगठा दाबला. चोचीतून राखाडी, आंबट पाणी भळकन आलं. पुन्हा दाबलं, पुन्हा आलं. मग कबरीनं एकदम पंख ताठ केले. घशातून घर्र असा आवाज निघाला आणि डोळ्यावर पांढरा पडदा ओढला गेला.

"सोडा! अहो, गुदमरतेय ती!"

मी झडप घालून तिला सरळ केलं आणि चोच पुसली. बराच वेळ ती माझ्या हातात नुसती थरथरत होती. रेणू खाटेच्या पायाला धरून मोठ्यानं रडायला लागली. आत्याबाई तिथेच मातीत बसल्या, हात मांडीवर उताणे टाकून.

"माझ्याच हातानं गेली असती," त्या म्हणाल्या.

सकाळी मी रेणूला कडेवर आणि दुरडी हातात घेऊन जनावरांच्या सरकारी दवाखान्यात गेले. आवारात म्हशी बांधलेल्या, शेणामुताचा चिखल. म्हशीवाले माझ्या दुरडीत डोकावून एकमेकांकडे बघून हसत होते. एकानं विचारलं, "मॅडम, अंडा नै देरी क्या?" बाकीचे फिदीफिदी. मी मान खाली घालून रांगेत उभी राहिले. रेणूचं नाक पुसलं, परत पुसलं, पुसायला काही नव्हतं तरी.

डॉक्टर तेलुगू माणूस, थकलेला. त्यांनी कबरीचा फुगवटा चाचपला. "रात को दाना दिये?"

"नाही. काल संध्याकाळनंतर काहीच नाही."

"फिर भी भरी हुई है. देखो अम्मा, सुबह सुबह हाथ लगाके देखना. रात भर में ये थैली खाली होना. खाली नै हुई तो अटका है." त्यांनी माझाच हात धरून फुगवट्यावर ठेवला. वर मऊ, आत कणकेच्या गोळ्यासारखं, आणि त्याच्याही आत काहीतरी कडक. "दाना बंद. थोडा तेल, थोडा गरम पानी, हल्के से मसाज. उल्टा नक्को पकडो, पानी फेफडे में जाता."

"उलटं धरलं होतं," मी म्हटलं.

"बच गई ना? अब नक्को."

"तेलानंही नाही उतरलं तर?"

"तो खोलना पडता." त्यांनी बाहेर उभ्या जीपकडे बघितलं. "आज से मैं गावों में टीके लगाने जारा. वापस आए बाद लाओ."

"तोवर थांबेल का ही?"

त्यांनी कबरीच्या छातीचं हाड बोटानं चाचपलं. ते सुरीच्या पात्यासारखं वर आलं होतं. मग ते रेणूच्या गालाला हात लावून म्हणाले, "इसको खिलाओ जरा," आणि जीपकडे गेले.

ते वाक्य मला घरापर्यंत टोचत आलं.

मग आमचं चोळणं सुरू झालं. शेवया मागं पडल्या, कणकेवरचं फडकं वाळून गेलं. कबरीला मांडीवर घ्यायची, थेंब थेंब गोडं तेल चोचीच्या कडेनं सोडायचं, वर कोमट पाणी, आणि बोटांच्या पेरांनी फुगवटा हलक्या हातानं मळायचा. मी थकले की आत्याबाई घ्यायच्या. त्या डोळे मिटून चोळायच्या.

"पीठ सुटायलंय," त्या म्हणायच्या. "पर मधी एक गाठ हाय. चिंचोक्यावाणी. न्हाई, त्याहून मोठी. दोऱ्याचा गुंडा असावा तशी."

रेणू आमच्यासमोर उकिडवी बसून सगळं बघत असायची. मी एकदा सहज म्हटलं, "काय खाल्लं असेल गं हिनं एवढं?"

"शेवया," रेणू म्हणाली.

"तू राखत होतीस ना?"

"मी चारल्या. चिऊचा, काऊचा." तिनं हाताचा द्रोण करून दाखवला. "कबरी नको म्हणत होती. मी म्हटलं, गिळ गं बाई. वजन बघ तुझं."

आत्याबाईंचे हात थांबले. त्यांना हसू आलं होतं की काय कोण जाणे, पण माझ्याकडे एकदा बघून त्यांनी ते गिळलं. मी कबरीच्या पाठीवरची पिसं नीट करत राहिले. कोरड्या शेवया मूठमूठ आत गेल्या असणार. मग पाणी प्यायलं की फुगणारच त्या. वरून आमच्या ज्वारीच्या गोळ्या.

"तुझी चूक नाही," मी रेणूला म्हटलं.

"मग कुणाची?"

"चोळ जरा इथं," मी तिचं बोट धरून कबरीच्या मानेवर ठेवलं. "हळू."

पीठ खरंच सुटलं. वास कमी झाला, फुगवटा उतरला, कबरीनं एकदा पातळ हिरवट शीटही टाकली. पण ती आतली गाठ हलेना. ती पिशवीच्या खालच्या तोंडाशी बुचासारखी बसलेली. वरून पाणी सोडलं की पिशवी नुसती फुगायची. कबरी हातात घेतली की कळायचं, आता नुसती पिसं उरलीत.

त्या दिवशी दोरीवरची लुगडी काढायला गेले तर दोरी रिकामी. आत येऊन बघितलं, तर आत्याबाई बोचक्यात घड्या घालत होत्या.

"सकाळची गाडी कवा असती भालकीला?" त्यांनी विचारलं.

"आत्याबाई, कबरी अजून आहे."

"हाय की. पर दिसतंय न्हवं?" त्यांनी लुगड्यावरची सुरकुती तळव्यानं सपाट केली. "तुज्यावर राग न्हाई, पोरी. तुमच्या हितं मला उगं उरल्यासारखं व्हतंय. तिथं सकाळी उठलं की शिव्या घालायला बी कायतरी असतंय. शेजाऱ्याचा गोठा, गल्लीतली पोरं, त्यांच्या कोंबड्या. हितं ही एकच व्हती."

मी उंबऱ्यावर बसले. जून, लॅब, कामावर जायला घेतलेली नवी चप्पल, सगळं एकदम पुढं आलं, आणि ते पुढं आलं म्हणून माझी मलाच लाज वाटली. एक कोंबडी मरत होती, एक बाई एकटी परत जात होती, आणि मी लॅबला जायच्या बसच्या वेळा मोजत होते.

"खोलली तर?" मी म्हटलं.

त्यांनी वर बघितलं.

"डॉक्टर म्हणाले, नाही उतरलं तर खोलावी लागते. गावाकडे करतात ना? तुम्हीच एकदा म्हणाला होतात."

"माज्या सासूनं केलतं. मी पाय धरलेले. पात्यानं चिरलं, काढलं, दाभणानं शिवलं." त्यांनी घातलेली घडी मोडून पुन्हा घातली. "दोन दिस बरी व्हती. मग खाल्लेलं कातड्याखाली उतराया लागलं. गेली."

मी विचार करत होते. कॉलेजच्या लॅबमधला ट्रे, मेणात टाचण्या, फॉर्मलीनचा वास. "त्यांनी एकच शिवण घातली असेल. कातडं आणि पिशवी एकत्र धरून. पिशवी वेगळी असते, आत्याबाई. दोन पदर असतात. आधी आतला शिवायचा, मग वरचा."

"मग शीव की."

"मी?"

"मला सुईचं नाकाडं दिसंना, मी कशी शिवू? तू शिकलीस न्हवं बेडकं चिरायला?"

खरं सांगायचं तर बेडूक लॅबमध्ये माझ्या शेजारची रंजना चिरायची. मी आकृत्या काढायची, पेन्सिलीनं, नीट नावं घालून. पण हे त्या वेळी बोलायला माझी जीभ वळली नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. अविनाश घरी होता. त्याला सांगितलं तर तो आधी हसला, मग माझं तोंड बघून त्यानं हसू आवरलं.

"त्रिवेणी, लोक रविवारी कोंबडी शिजवतात. तू शिवणार?"

"तुम्ही पाय धरा. बाकी काही करू नका."

"मी कारखान्यात रोज लोखंड कापतो, मला काय त्याचं?" असं म्हणत तो आला, आणि पातं बघितल्यावर त्यानं तोंड भिंतीकडे केलं ते शेवटपर्यंत वळवलं नाही.

सीताफळाखाली उजेड चांगला होता. शेवयांचा पाट धुऊन, उपडा घालून त्यावर कबरीला निजवलं. आत्याबाईंनी तिच्या डोक्यावर फडकं टाकलं आणि मानेशी हात ठेवला. ती शांत झाली. शमीमआपा भिंत ओलांडून आली होती. रेणूला कडेवर घेऊन ती पदरानं माश्या वारत होती आणि तोंडानं काहीतरी पुटपुटत होती. पातं, चिमटा, सुई, पांढरा दोरा, सगळं मी पातेल्यात उकळून घेतलं होतं. शेजारी मिठाचं कोमट पाणी, वाटीत हळद.

फुगवट्यावरची पिसं उपटली. खाली कोंबडीचं कातडं इतकं पातळ, इतकं गुलाबी, की रेणूच्या पापण्यांची आठवण झाली. मी पातं धरलं. हात लटलट कापत होता.

"आई, हिचा हात बघ," अविनाश भिंतीकडे तोंड करून म्हणाला.

"तुला कसं दिसलं रं तिकडून?" आत्याबाई म्हणाल्या. "पाय धर गुमान." आणि मला, हळूच, "श्वास सोड. धरून ठेवलायस."

मी श्वास सोडला आणि कातडं चिरलं. रक्त फारसं आलंच नाही. खाली दुसरा पदर होता, फिकट, ओलसर, अगदी पुस्तकातल्यासारखा; फरक एवढाच की हा हलत होता. त्यालाही बोटाच्या पेराएवढा छेद दिला. भसकन तो आंबूस वास आला. शमीमआपा "या अल्ला" म्हणून दोन पावलं मागं गेली, पण पदर हलवायची थांबली नाही.

मी चिमट्यानं ओढायला लागले. शेवया. फुगलेल्या, एकमेकांत गुंतलेल्या, पिठानं लडबडलेल्या. सर निघता निघेना. मग त्यातून काहीतरी चमकलं. हिरवं.

"थांब, ओढू नगं," आत्याबाईंनी न बघताच ओळखलं. त्यांनी दोन बोटं छेदाशी नेली आणि पाटावर शेवई सोडवतात तशी गाठ सैल सैल करत आणली. गुंडाच्या गुंडा बाहेर आला. त्याच्या मध्यभागी वळसे घालून बसलेला नायलॉनचा धागा, आमच्या खाटेचा.

"ढेकूण होत नाहीत," आत्याबाई म्हणाल्या.

अविनाशनं तोंड भिंतीकडेच ठेवून पाय आणखी घट्ट धरले.

पिशवी मिठाच्या पाण्यानं धुतली. मग शिवण. पहिला टाका घातला तर कड बाहेर उलटून आली. दुसराही तसाच. अशी कड राहिली तर गळणार, हे मला दिसत होतं. माझ्या कपाळावरचा घाम थेट पाटावर पडला.

"काय झालं?" आत्याबाईंनी विचारलं.

"कडा बाहेर येतायत."

त्यांनी बोटानं चाचपलं. "आत घाल की. करंजीला मुरड घालतीस न्हवं? तशी. सारण बाहेर येऊ द्यायचं न्हाई."

मी टाके उसवले. कड आत दुमडली, टाका. पुन्हा दुमडली, टाका. करंज्या मला चांगल्या यायच्या. माझ्या हातची करंजी कढईत कधी फुटली नव्हती. कधी हात कापायचा थांबला ते मला कळलंच नाही. आत्याबाईंनी शिवणीवरून बोट फिरवलं आणि नुसतं "हं" म्हणाल्या. मग वरच्या कातड्याची शिवण, सुटी सुटी, आणि त्यावर हळद.

कबरीला गुंडाळायला काही मऊ हवं होतं. आत्याबाई उठल्या, आत गेल्या, आणि बोचक्याची गाठ सोडून कालच घडी घातलेलं लुगडं घेऊन आल्या.

तो दिवस तिला काही दिलं नाही, चमचाभर पाण्याशिवाय. दुरडी स्वयंपाकघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात. मी येता-जाता बघत राहिले. श्वास चाललाय ना, शिवण ओली तर नाही ना. दुसऱ्या दिवशी ज्वारीच्या पिठाची पातळ पेज, अगदी थोडी. आत्याबाई दर सकाळी चूल पेटवायच्याही आधी दुरडीत हात घालायच्या. मी दात घासणं थांबवून त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची.

"थोडं हाय आजून."

पुढच्या सकाळी, "कालच्यापरीस कमी."

भालकीच्या गाडीचं कुणी बोललं नाही. बोचकं भिंतीशी तसंच अर्धं सुटलेलं. अविनाशनं खाटेच्या सगळ्या पट्ट्या कापून काढल्या आणि सुतळी आणून संध्याकाळभर विणत बसला. शमीमआपा भिंतीवरून रोज विचारायची, "हमारी मरीज कैसी है?" आणि आत्याबाई सांगायच्या, "चाय मांगरी."

मी रेणूच्या मागं वाटी घेऊन फिरत नव्हते. ठरवून नव्हे, हातच उचलत नव्हता. ताट वाढून ठेवायची आणि दुसरीकडे बघायची. कधी खायची, कधी टाकायची. टाकलं तरी मी ओठ दाबून भांडी घासत बसायची.

मग एक सकाळ. नळाला पाणी यायचा दिवस होता. मी अंधारातच बादल्या लावून आत आले. आत्याबाई दुरडीपाशी बसलेल्या. त्यांचा हात लुगड्याखाली, कबरीच्या गळ्याशी. बराच वेळ तो तिथेच राहिला.

"हात लाव," त्या म्हणाल्या.

मी लावला. बोटांना काहीच लागेना. सैल, मऊ कातडं, शिवणीची वाळलेली टोकं, आणि खाली नुसती ऊब. चाचपत राहिले, आणखी खाली, आणखी आत. काही नव्हतं.

"रिकामी," मी म्हटलं.

"रिकामी," आत्याबाई म्हणाल्या. कबरीनं मान वर काढली आणि माझ्या करंगळीवर चोच मारली, चांगली झणझणीत. पिठाचा वास होता बोटाला.

"भुकेजली सटवी." आत्याबाईंनी तिला अंगणात सोडलं. ती दोन पावलं झोकांडली, उभी राहिली, आणि पायानं माती उकरायला लागली. आत्याबाई डोळे बारीक करून तिच्या आवाजाकडे बघत होत्या. "टाके वाळू देत, अंगावर मास येऊ दे. मग गावाकडनं अंडी मागवून हिला बसवू. ऐन पावसात नको, पिल्लं गारठत्यात. गणपतीनंतर." मग म्हणाल्या, "हापिसातनं येताना भाताचं तूस घेऊन ये, गोणीभर. दुरडीत घालाया लागंल. कवा सुटतंय तुजं हापीस?"

"पाचला," मी म्हटलं.

"मग उजेडातच येतीस की."

रेणू डोळे चोळत उंबऱ्यात उभी होती. कबरीला चालताना बघून ती धावली, तिच्यामागं अंगणभर फिरली, आणि परत येऊन आजीच्या मांडीत बसली. मान मागं टाकून तिनं आपला गळा पुढं केला.

"माझी पण बघ."

आत्याबाईंनी तिच्या गळ्याखालून, छातीवरून, पोटापर्यंत तळवा फिरवला. डोळे मिटून, शेवईचा गोळा जोखतात तसा, अगदी मन लावून.

"रिकामी!"

"मग भाकरी दे," रेणू म्हणाली.

मी चूल पेटवायला उठले.